राजीच्या आईचं काय करायचं?

(पौड, ता. मुळशी इथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी भाषा बोलली तशीच ठेवली आहे.)

समोर दोन प्रकारची मंडळी बसली आहेत. पुढच्या रांगांना व्हिडिओ गेम माहीत आहेत, मागच्या रांगांना ओव्या माहीत आहेत. त्यामुळे आज प्रत्येकाला निम्मं भाषण परकं वाटणार. तरी शेवटपर्यंत बसा, कारण पुढच्या रांगांना जे करायचं आहे ते मागच्या रांगांच्या आया-आज्यांनी करून ठेवलेलं आहे, हेच सांगायला आम्ही आलो आहोत.

आम्ही म्हणजे कोण, तेही सांगतो. आम्ही तिघंचौघं वाचणारी, लिहिणारी माणसं. उन्हाळ्याच्या सुट्टीत तालुक्यातल्या दहा-बारा मुलामुलींबरोबर आठवडाभर बसलो होतो. गोष्ट कशी रचायची यावर काहीतरी घ्या, असं आम्हाला सांगितलं होतं. मुलांना विचारलं, कशावर लिहायचं? उत्तर आलं, गेमवर. मग गेमवर तर गेमवर.

त्यातही त्यांना लिहायचं होतं ते फॅन फिक्शन. मागच्या रांगांसाठी सांगतो. दुसऱ्यानं निर्माण केलेलं पात्र घ्यायचं आणि त्याच्यावर जीव जडलाय म्हणून त्याची न सांगितलेली गोष्ट आपण लिहायची, म्हणजे फॅन फिक्शन. मूळ कर्त्याचं नाव घ्यायचं, पात्र आपलं आहे असा दावा करायचा नाही, त्यावर पैसे कमवायचे नाहीत. एवढी पथ्यं पाळली की बाकी रान मोकळं. या प्रकारात बरीच लिहिली जाते ती घरची पूर्वकथा. म्हणजे हा लढवय्या कुणाचा, याची आई कोण, हिला हा व्रण कधी पडला, वगैरे.

आम्ही जो गेम निवडला तो परदेशातला नव्हता. ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा गेम २०२० साली आला, आणि तो बनवला पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओनं. इथून तीसेक किलोमीटरवर. जगभर खेळल्या गेलेल्या गेमची नायिका आपल्या शेजारच्या शहरात तयार झाली, ही गोष्ट मुलांना पहिल्या दिवशी खरीच वाटेना.

गोष्ट थोडक्यात अशी. राजी ही खेळ करणारी मुलगी आहे. दोरीवरचे, कसरतीचे, आपण ढोबळपणे सर्कसचे म्हणू असे खेळ. तिला गोलू नावाचा धाकटा भाऊ आहे. राखीपौर्णिमेच्या उत्सवात असुर हल्ला करतात, मुलं पळवून नेतात, त्यात गोलूही जातो. दुर्गा राजीला त्रिशूळ देते आणि राजी भावाच्या मागावर निघते. शेवटी महाबलासुर नावाचा असुरांचा राजा आहे. ही सगळी गोष्ट आपल्याला सांगतात कोण? दुर्गा आणि विष्णू. दोघं वरून बघताहेत आणि राजीबद्दल आपसांत बोलताहेत. मधले प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांसारखे दाखवले आहेत. आपल्याकडे कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर मंडळी चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करतात, तो ज्यांनी पाहिला असेल त्यांना ही चाल ओळखीची वाटेल.

गेम देखणा आहे. किल्ले, वाडे, पाण्याचे हौद, भिंतीवरची चित्रं पाहत नुसतं हिंडत राहावं. पण टीका करायला उभं राहिलो आहोत, तर उणं काय आहे तेही सांगितलं पाहिजे. राजी भिंतीवरच्या चित्रापुढे उभी राहते तेव्हा आपल्याला देवादिकांच्या कथा ऐकायला मिळतात. दुर्गा कोण, विष्णूनं काय केलं, सगळं कळतं. राजी कोण, ते मात्र फार थोडं कळतं. भावाबरोबरच्या काही आठवणी चित्रांच्या कोड्यांमधून येतात, तेवढंच. तिला ओळखणारं, तिच्याबद्दल बोलणारं माणूस गोष्टीत नाहीच. तिची कथा सांगायला दोन देव आहेत आणि एकही शेजारीण नाही. आईवडील तर नाहीतच.

म्हणजे जागा रिकामी आहे. आणि रिकामी जागा दिसली की चाहत्याचा हात शिवशिवतो.

पहिल्याच दिवशी मुलांनी आराखडे लिहून आणले. वाचायला मजा आली, आणि वाचता वाचता आमच्या लक्षात आलं की जवळजवळ सगळे आराखडे एकच आहेत. राजीची आई पहिल्या पानावर मरते. कुणी तिला असुराच्या हातून मारलं, कुणी आगीत, कुणी दोरीवरून पाडून. मरताना ती राजीला म्हणते, भावाला सांभाळ. दुसरी चाल म्हणजे गुप्त घराणं. राजी खरी राजकन्या आहे, तिच्या बापाकडे कधीकाळी हाच त्रिशूळ होता, आणि तिच्या दंडावर एक खूण आहे. मुलांना हसण्याचा आम्हाला अधिकार नव्हता, कारण नमुना म्हणून आम्ही जो आराखडा करून नेला होता, त्यातही आई मेलेलीच होती. आगीत.

हे असं का होतं? कारण पूर्वकथा म्हणजे कारण, असं आपण धरून चालतो. राजी शूर का? तर आई मेली म्हणून. ती भावासाठी जीव टाकते का? तर आईला वचन दिलं म्हणून. त्रिशूळ तिलाच का? तर रक्त तसलं म्हणून. दवाखान्यात गेल्यावर पहिल्यांदा केस पेपर काढतात ना, पूर्वी काय झालं होतं, घरात कुणाला काय होतं, तसाच हा प्रकार. केस पेपर कामाचा असतो, पण तो वाचून कुणाला माणूस भेटत नाही. आणि एक तोटा आणखी होतो. गेममध्ये राजी जे करते ते ती स्वतः करते. आपण मागून कारण लावलं की तिचा निर्णय तिच्या हातातून जातो. चाहत्यानं प्रेमापोटी लिहिलेलं प्रकरण पात्राला लहान करून टाकतं.

हे सगळं आम्हाला आधी सुचलं होतं असं नाही. ते सुचलं एका मुलीमुळे. तिचं नाव, गाव सांगत नाही, तिला ते आवडणार नाही. आठवी-नववीतली असेल. आमचा आराखडा वाचून झाला आणि आम्ही विचारलं, कसा वाटला? सगळे म्हणाले, भारी. ती गप्प. मग म्हणाली, “आई मेलीच पाहिजे का?” आम्ही मास्तरी थाटात म्हणालो, अगं, त्याशिवाय राजी एवढी धीट कशी झाली असेल? तर ती म्हणाली, “माझी आई गेली तेव्हा मी काही धीट झाले नाही. मला फक्त सकाळी लवकर उठायला लागलं. भावाचा डबा असतो.”

वर्गात कुणी काही बोललं नाही. आम्हीही नाही. त्या दिवशी आम्ही लवकर उठलो, आणि आमचा आराखडा फाडून टाकला. नाटक म्हणून नाही फाडला, वापरायला लाजच वाटली. एका मुलीच्या घरात जे खरं घडलं होतं, ते आम्ही सोय म्हणून वापरत होतो. गोष्ट पुढे ढकलायला आई मारत होतो.

आता टीकाकार म्हणून प्रश्न असा की, कारण सांगायचं नाही तर पूर्वकथेत सांगायचं काय? त्याचं उत्तर शोधायला आम्ही जपानला किंवा अमेरिकेला गेलो नाही. मराठीत हा उद्योग जुना आहे.

कर्ण घ्या. मराठी वाचकाचा सगळ्यात लाडका पूर्वकथेचा नायक. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ साली आली, रणजित देसाईंची ‘राधेय’ १९७३ साली. दुसऱ्यानं निर्माण केलेलं पात्र घेऊन, त्याच्यावरच्या प्रेमापोटी, न सांगितलेलं सांगायचं, हेच तर या दोघांनी केलं. त्यांना कुणी फॅन फिक्शन म्हटलं नाही, कारण आपल्याकडे तो शब्द नव्हता. पुढच्या रांगांनी ‘मृत्युंजय’ची एक गोष्ट जरूर चोरावी. त्यात कर्ण एकटा बोलत नाही. कुंती बोलते, दुर्योधन बोलतो, वृषाली बोलते, कृष्ण बोलतो आणि शोण बोलतो. शोण म्हणजे कर्णाचा धाकटा भाऊ, राधेच्या घरातला. थोरल्या भावाला खालून वर बघणारा. म्हणजे सावंतांच्या कादंबरीत गोलूला आवाज आहे! तुमच्या आराखड्यांत गोलू फक्त पळवून नेण्यासाठी होता.

धोकाही तिथूनच शिकावा. प्रेमाच्या भरात ‘मृत्युंजय’चा कर्ण इतका उजळतो की त्याच्या चुका पुसट होतात. द्रौपदीच्या भर सभेतल्या अपमानात कर्णाचा वाटा आहे, हे विसरून चालत नाही. त्याच १९६७ साली इरावती कर्वे यांचं ‘युगान्त’ आलं. त्यात हीच माणसं कोरड्या, स्वच्छ डोळ्यांनी बघितली आहेत. फॅन फिक्शन लिहिणाऱ्यानं उशाशी ही दोन्ही पुस्तकं ठेवावीत. एक जीव लावायला, दुसरं भानावर राहायला.

पण आमच्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मूळ महाभारतातच आहे. उद्योगपर्वात कृष्ण कर्णाला सांगतो की तू कुंतीचा मुलगा आहेस, चल, राज्य तुझं. गुप्त घराणं, अगदी तुमच्या आराखड्यासारखं. कर्ण काय म्हणतो? तो म्हणतो, मला अधिरथानं घरी आणलं, मला बघून राधेला पान्हा फुटला, तिनं माझं हगमूत काढलं. तिला मी सोडू कसा? बघा, एवढ्या मोठ्या क्षणी, राज्य समोर असताना, कर्णाला आठवतं काय, तर हगमूत. त्याला शूर केलं रक्तानं की संस्कारानं, या चर्चेत तो पडतच नाही. माझं काम कुणी केलं, एवढंच सांगतो. आणि ती मुलगी काय म्हणाली होती? भावाचा डबा असतो. दोघं एकच बोलताहेत.

आता मागच्या रांगांकडे वळतो. मुळशीच्या डोंगरांत हे काम कादंबऱ्यांच्या कितीतरी आधीपासून चाललेलं आहे, तेही जात्यावर. हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हाँ या दोघांनी १९८०च्या दशकापासून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्या एक लाखाच्या वर भरल्या. आता त्या ‘पारी’, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या संकेतस्थळावर वाचता येतात, ऐकताही येतात. त्यात आपल्या तालुक्यातल्या कोळावडे, नांदगाव अशा गावांच्या बायका आहेत. इथे बसलेल्या कुणाची आजी, मावशी त्यात असेल, तर आश्चर्य नाही.

या ओव्यांमधल्या सीतेचं बघा. रामायणानं जे दिलंय त्यात बाया ढवळाढवळ करत नाहीत. वनवास आहे, रावण आहे, पुन्हा सीतेला वनात सोडणं आहे. ते बदलत नाही. पण जिथे जागा रिकामी आहे, तिथे त्या नेमक्या शिरतात. रामानं सीतेला का टाकलं? पोथीत लोकापवाद आहे. ओव्यांच्या परंपरेत कैकेयी सासू आहे. ती सुनेला म्हणते, रावण दिसायला कसा होता, भिंतीवर काढून दाखव. सीता म्हणते, मी तर त्याचा पायाचा अंगठाच पाहिला. ती अंगठा काढते. उरलेला रावण कैकेयी पूर्ण करते आणि मुलाला बोलावून दाखवते. सासुरवास म्हणजे काय, ते इतक्या थोडक्यात कुठे सांगितलं असेल, आम्हाला माहीत नाही. सुनेनं काढायचा अंगठा आणि घरानं करायचा रावण!

मग सीता वनात रडते, तेव्हा तिची समजूत घालायला कोण येतं? बोरीबाभळी येतात. काटेरी झाडं, आपल्या माळावरची, आणि त्या बाया झालेल्या असतात. सीता वनात बाळंत होते तेव्हा जवळ माहेरचं कुणी नाही, उशाला दगड आहे, या एकाच दुःखाभोवती ओव्यांमागून ओव्या आहेत. तिच्या दुसऱ्या मुलाचं नाव पोथीत कुश, ओवीत अंकुश. लहू-अंकुश.

आता आराखडा म्हणून याच्याकडे बघा. या बायांनी स्वतःला कोणता प्रश्न विचारला? सीता एवढी सोशिक कशी झाली, हा नाही विचारला. त्यांनी विचारलं, ती रडली तेव्हा जवळ कोण होतं? बाळंतपणाला पाणी कुणी तापवलं? सासू कोण होती? म्हणजे कारण शोधलं नाही, सोबत शोधली. आणि सोबत सापडली नाही तेव्हा त्या स्वतःच तिच्या सोबतीला जाऊन बसल्या. ओवी गाणारी सीतेला बाई म्हणून हाक मारते. राजीच्या गेममध्ये जी शेजारीण नाही म्हटलं, ती ही.

हे समजलं आणि आम्हाला गेमही नव्यानं दिसला. ओव्यांमध्ये भाऊ-बहिणीच्या ओव्या किती असतात, ते मागच्या रांगांना सांगायला नको. बहीण सासरी आहे, सण आलाय, आणि ती वाट बघतेय की भाऊ मुराळी होऊन न्यायला येईल. मुराळी म्हणजे माहेरी न्यायला येणारा. आता राजीचं बघा. सण राखीचा. न्यायला हवंय ते भावाला, आणि वाट तुडवत निघालीय ती बहीण. राजी ही गोलूची मुराळी आहे! एवढ्या एका उलटापालटीसाठी आम्ही त्या गेमच्या बाकीच्या उणिवा माफ करतो. करणाऱ्यांनी मुराळी हा शब्द मनात धरून गेम केला नसेल, पण आपण मराठीत लिहिणार असू, तर आपल्या हातात तो शब्द आहे. गेममध्ये जे बीज आहे ते आपल्या भाषेच्या मातीत कसं उगवतं, हे दाखवणं एवढंच चाहत्याचं काम.

आता थोडं कोरडं काम. राजीचं घर खेळ करणाऱ्यांचं आहे. तर अशा घराचं आपल्याला काय माहीत आहे? महाराष्ट्रात सर्कशीचा इतिहास मोठा आहे. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली सर्कस काढली. पुण्याचे दामू धोत्रे मामाच्या सर्कशीत लहानपणी शिरले आणि वाघसिंहांबरोबर काम करत अमेरिकेपर्यंत पोचले. त्यांचं आत्मकथन मराठीत आहे, ते मुलांनी वाचावं. पण राजीच्या जगात तंबू नाही, वाघ नाहीत. तिचं जग जुनं आहे. म्हणून तिच्या घराच्या जवळ जातात ते डोंबारी, कोल्हाटी. चौकात दोन बाजूंना बांबू, मध्ये दोरी, दोरीवर मुलगी, खाली ढोलकी.

इथे आम्ही मुलांना थांबवलं. हे सजावटीचं सामान नाही. भटक्या जमातींपैकी कित्येकांना इंग्रजांनी १८७१च्या कायद्यानं जन्मानं गुन्हेगार ठरवलं होतं. तो शिक्का पुसला गेला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, स्वातंत्र्य मिळाल्यावर पाच वर्षांनी. गावात खेळ बघायचा, पैसा टाकायचा आणि रात्री काही चोरीला गेलं तर पालावर जायचं, ही आपल्या गावांची रीत होती. आराखड्यात असुर घालण्याआधी हे गाव घाला. किशोर शांताबाई काळे यांचं ‘कोल्हाट्याचं पोर’ १९९४ साली आलं. नावाच्या मधोमध बघा, बापाचं नाव नाही, आईचं आहे. राधेय या नावातही तेच होतं. मुलांना आम्ही म्हटलं, राजीचं पूर्ण नाव लिहा. कुणी लिहिलं नव्हतं. मध्ये कुणाचं नाव येईल, हे ठरवता ठरवता एक अख्खी दुपार गेली, आणि ती आठवड्यातली सगळ्यात चांगली दुपार होती.

दुसरा प्रश्न, गाव कुठलं? अनोळखी माणूस भेटला की आपण नावाच्या आधी हेच विचारतो. राजीचं गाव काय? मुलं म्हणाली, फिरस्त्यांना गाव नसतं. मग आम्ही मुळशीचंच बोललो. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध इथल्या मावळ्यांचा सत्याग्रह सुरू झाला. पुढे सेनापती बापटांचं नाव त्याच्याशी कायमचं जोडलं गेलं. सत्याग्रह मोडला, धरण झालं, गावं पाण्याखाली गेली. आज शंभर वर्षांनंतरही इथे गाव विचारलं तर पाण्याकडे बोट दाखवणारी घरं आहेत. गाव नाही, पण गावाचं नाव आहे, कुलदैवत आहे, लग्नात त्या गावची म्हणून होणारी ओळख आहे. म्हणजे पूर्वकथा असणं आणि पूर्वकथेची जागा दाखवता येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक मुलगा लगेच म्हणाला, “मग राजीचं गाव पण बुडालेलं असू दे.” आम्ही म्हटलं, असू दे, पण धरण असुरानं बांधलं असं करू नकोस, माणसांनीच बांधू दे.

तर शेवटी आराखडा कसा केला, ते सांगतो. आम्ही घटना लिहायच्याच नाहीत असं ठरवलं. पहिल्या कागदावर फक्त गेमनं काय दिलंय ते लिहिलं. बहीण, भाऊ, खेळ, राखी, हल्ला. हे बदलायचं नाही. दुसऱ्या कागदावर हाका. गोलू राजीला काय म्हणतो? ताई, आक्का, की नुसतं राजी? रागावला की काय म्हणतो? तिला लहानपणच्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलंय का? तिसऱ्या कागदावर कामं. भाकरी कोण थापतं, दोरी कोण तपासतं, आजारी पडल्यावर कोण जागतं. दोरी तपासणारं माणूस कोण, हे लिहिताना सगळ्यांचेच हात थबकले. राजी दोरीवर असताना खाली ढोलकी वाजवणारं माणूस तिच्या पावलाकडे बघत असतं. ठेका चुकला तर मुलगी पडेल. मग ढोलकीवर कोण होतं? आई होती का? आणि आता ढोलकीवर कोण आहे?

घटना त्याच्यानंतर येतात, आणि आल्याच तर कमी येतात. ज्यांनी आधी आई जाळली होती, त्यांना आता तिला मारावंसंच वाटेना. एकानं तिला दुसऱ्या फडाबरोबर पाठवलं. एकीनं तिचे डोळे अधू केले, ती दोरी आता बघून नाही, हातानं चाचपून तपासते. आणि त्या मुलीनं, जिच्यामुळे हे सगळं झालं, तिनं आई मेलेलीच ठेवली.

आम्ही चकित झालो. तिला म्हटलं, तूच तर म्हणाली होतीस. ती म्हणाली, मेलीच पाहिजे का असं मी विचारलं होतं, मरू नये असं नाही म्हटलं. तिच्या आराखड्यात आई कशी मेली ते नाही. तापानं म्हणा, कशानंही. शेवटचे शब्द नाहीत, वचन नाही. एक ओळ आहे, की आता ढोलकी गोलू वाजवतो, त्याचा ठेका चुकतो, आणि राजीनं पाऊल उशिरा टाकायची सवय करून घेतली आहे.

आम्ही अनेक वर्षं समीक्षा वाचतो, लिहितो. पात्रांच्या जडणघडणीवर बरंच काही वाचलं आहे. पण भावाचा ठेका चुकतो म्हणून स्वतःचं पाऊल बदलणारी बहीण, यात राजी जितकी दिसली तितकी ती आम्हाला गेममध्येही दिसली नव्हती. ती शूर का, हे यात कुठेच नाही. पण गोलूला कुणी पळवलं तर ती जाईल, हे आपल्याला ठाऊक असतं.

(यानंतर प्रश्न झाले. त्यातला एक इथे देत आहोत.)

प्रश्न : मग देवांचं काय करायचं? गेममध्ये दुर्गा आणि विष्णू आहेत, ते तर काढता येणार नाहीत.

उत्तर : काढू नका. गेमनं दिलंय ते ठेवायचं, हे पथ्य आहेच. पण देवांना सगळं माहीत असतं असं धरू नका. ओवीतल्या बाया रामालाही सुनावतात, सीतेच्या बाजूनं. तुमच्या गोष्टीत दुर्गेनं राजीला विचारावं, तू उजवं पाऊल उशिरा का टाकतेस? त्रिशूळ देणारीला ते माहीत नाही. ते माहीत आहे फक्त गोलूला, आणि तो तर पळवला गेला आहे. राजीनं तिला सांगायचं की नाही, ते राजीला ठरवू द्या.